फळ्यावरची उजवी बाजू

आमच्या घरमालकांनी माझा चेहरा पहिल्यांदा नीट कधी पाहिला, ते मला सांगता येणार नाही. खांदा मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिला, आणि तोही पाठीमागून. टेम्पोतून माझं सामान उतरत होतं, मी फाटकापाशी उभी राहून ‘कपाट सांभाळून’ असं ओरडत होते, आणि मागून आवाज आला, "उजवा खांदा असा कानाला का लावून ठेवलाय? काय झालंय त्याला?"

मी वळले. पांढरा झब्बा, उजवा हात खिशात, डाव्या हातात चहाचा कप, आणि नजर माझ्या तोंडावर नाही, तर गळ्याच्या बाजूला कुठेतरी. मी म्हटलं, "नमस्कार सर, मी नवीन भाडेकरू."

"ते कळलं. खांद्याचं सांगा."

मला राग आला. राग माझ्या नाकावरच असतो, पण त्या दिवशी त्याला कारण होतं. खांद्याबद्दल मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. केस विंचरताना, ब्लाउजचे हूक लावताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना जीव जायचा, पण तो माझा माझ्यापुरता जायचा. हाडांच्या डॉक्टरांनी ‘फ्रोझन शोल्डर’ असं नाव दिलं होतं, गोळ्या दिल्या होत्या, व्यायाम लिहून दिले होते, आणि धीर धरा म्हणून सांगितलं होतं. मधुमेहाच्या माणसांना होतो म्हणे असा आजार. आणि इथे हे गृहस्थ हमालांसमोर माझ्या आजाराची जाहीर चौकशी करत होते.

त्याआधी आम्ही याच शहरात, बरखेड्याला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहत होतो. नवरा कारखान्यात इंजिनिअर. त्यांची बदली लांबच्या साइटवर झाली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि मी त्यांच्याबरोबर जायला साफ नकार दिला. एम. पी. नगरमधल्या एका कोचिंगमध्ये मी गणित शिकवत होते आणि ते सोडायचा माझा काडीचाही विचार नव्हता. म्हणून बिट्टन मार्केटजवळ ही तळमजल्याची जागा घेतली. वर घरमालक आणि त्यांच्या पत्नी, खाली मी आणि माझी कपाटं.

सर मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवून निवृत्त झालेले. मूळचे ग्वाल्हेरचे. त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली असायची की मला, पुण्यात वाढलेल्या बाईला, सुरुवातीला वाक्य संपेपर्यंत थांबावं लागायचं. सगळा मोहल्ला त्यांना ‘डॉक्टरसाब’ म्हणायचा आणि ते प्रत्येकाला बजावायचे, "मी मुडद्यांचा डॉक्टर आहे. जिवंत माणसाने माझं ऐकायचं तर आपल्या जिम्मेदारीवर. आधी आपल्या डॉक्टरला विचारून या." लोक विचारून यायचे. मग सर खुर्ची ओढून बसायचे आणि त्या माणसाचा खांदा, मान, गुडघा, जे असेल ते, जणू पहिल्यांदाच पाहतोय अशा कौतुकाने पाहायचे.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. हा तुसडेपणा नव्हता, खरोखरच राहत नसत. रस्त्यात समोरून येणाऱ्या शेजाऱ्याला ते ओळख दाखवायचे नाहीत, आणि तोच शेजारी पुढे निघून गेला की पाठीमागून हाक मारायचे, "अरे शर्माजी! डावा खांदा परत झुकाके चल रहे हो. बॅग बदलो हाताची!" शर्माजी बिचारे बॅग बदलून मगच वळायचे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या की लग्नाच्या मांडवात यांनी माझं तोंड पाहिलंच नाही, हार घालायला मी हात वर केला तेव्हा दंड पाहिला. "तेव्हापासून मी यांचा सांगाडा आहे," काकू म्हणायच्या. "कोणी शिकायला आलं की हाक येते, जरा इकडे या, हात वर करा. माझी पोळी तव्यावर करपते आणि मी हात वर करून उभी."

बिट्टन मार्केटच्या भाजी बाजारात त्यांच्याबरोबर जाणं हा एक सोहळा असे. मी एकदाच गेले. लिंबांच्या ढिगासमोर उभे राहून ते एकेक लिंबू उचलून फिरवून पाहत होते. रसाळ आहे का, साल पातळ आहे का, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना गोल लिंबू हवं होतं. भाजीवाल्याने थोडा वेळ पाहिलं आणि अस्सल इथल्या ढंगात म्हणाला, "को खां डॉक्टर साब, निंबू निचोड़ना है कि उसका ब्याह कराना है?"

"पढ़ाना है," सर म्हणाले.

"तो एक मेरी तरफ से ले जाओ. पढ़-लिख जाए तो वापस कर देना."

घरी आल्यावर त्यांनी मला वर बोलावलं. चहाची बशी डाव्या हातात उभी धरली आणि मला म्हणाले, "आता हे लिंबू हिच्यावर ठेवा." ठेवलं आणि ते लगेच घरंगळून सोफ्याखाली गेलं. "परत ठेवा." परत गेलं. तिसऱ्यांदा मी लिंबू बशीवर बोटांनी दाबून धरलं.

"शाबास. हाच तुमचा खांदा. लिंबू म्हणजे दंडाच्या हाडाचं डोकं. बशी म्हणजे पाठीवरचं तिकोनी हाड, फरा म्हणतो ना आपण, त्याची कड. आणि ही तुमची बोटं म्हणजे स्नायू. चार स्नायू चारी बाजूंनी त्या डोक्याला धरून बसलेत, दिवसभर, तुम्हाला न सांगता. त्यांच्या आतून सांध्याला एक पिशवी. तुमची ती पिशवी आखडलीये, बस. मांडीचं हाड बघा, खोल वाटीत बसलंय. पक्कं. म्हणून आपण उभे राहतो. खांद्याला वाटी मिळाली नाही, बशी मिळाली. म्हणून तो घसरतो, उखडतो, आखडतो. पण म्हणूनच माणूस पाठ खाजवू शकतो, झाडावरचा पेरू तोडू शकतो, नवऱ्याला उशी फेकून मारू शकतो."

"आणि फळ्यावर लिहू शकतो," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. बहुधा पहिल्यांदा. "फळ्यावर? तुम्ही खडूवाल्या आहात? मला वाटलं, ऑफिसात जाता."

मग मी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण त्या बशीने माझं तोंड उघडलं. माझं फळ्यावरचं शीर्षक महिन्यामहिन्याने खाली येत होतं. आधी वरच्या कडेला असायचं, मग डोळ्यांच्या रेषेत आलं, मग हनुवटीच्या. मुलांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणालीच, "मॅम, आजकल आप आधे बोर्ड से शुरू करती हैं." आमचे डायरेक्टर स्वभावाने चांगले, आणि तेच मला जास्त लागत होतं. ओरडले असते तर मी भांडले असते. ते गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, डिजिटल पॅनल ले लीजिए, बैठके पढ़ाइए. नहीं तो नए सेशन से आप डाउट काउंटर देख लीजिए, आराम रहेगा." डाउट काउंटर म्हणजे एका कोपऱ्यात टेबल टाकून बसायचं आणि मुलं एकेक करून अडलेलं गणित घेऊन येणार. वाईट काम नाही. पण माझं नाही. मला भरलेल्या वर्गासमोर, रिकाम्या फळ्याच्या अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची सवय. तिथून गणित खाली उतरत येतं आणि उजव्या कोपऱ्यात उत्तर सापडतं. बसून मला गणित सुचत नाही. मी तसं डायरेक्टरना सांगितलं. नव्या सत्राचा पहिला तास मी घेईन, फळ्यावर घेईन, वरपासून घेईन. नाही जमलं तर मी स्वतः काउंटरवर जाऊन बसेन.

"असं बोललात?" सर म्हणाले.

"बोलले."

"मग आता काय करून राहिलात इथे? उठा. भिंतीपाशी चला."

हे घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नसत. कॅलेंडरसुद्धा मी दाराच्या कडीला अडकवलं होतं. आणि त्या संध्याकाळी त्यांनी खाली येऊन स्वतःच्या हाताने माझ्या हॉलच्या पिस्ता रंगाच्या भिंतीवर खडूने एक आडवी रेघ मारली. "इथवर तुमची बोटं चढतात आज. उद्या याच्या वर. एक सूत वर गेलात तरी चालेल, पण खाली नाही यायचं." रोज सकाळी मी भिंतीवर बोटं चढवायची, कोळी चढतो तशी. त्याआधी वाकून, हात ढिला सोडून, पाण्याची बाटली धरून लोलकासारखा हलवायचा. मग पाठीमागे टॉवेल धरून वर ओढायचा. व्यायाम सगळे माझ्या डॉक्टरांनीच दिलेले होते. सरांनी फक्त त्यातून माझी सुटका होऊ दिली नाही. मी दुखतंय म्हणून थांबले की विचारायचे, "कळ आली की ओढ बसली? ओढ बसली असेल तर चला पुढे. कळ आली असेल तर थांबा. फरक तुम्हालाच कळणार, मला नाही."

आणि चोरी पकडायचे. चोरी हा त्यांचा आवडता शब्द होता. मी हात वर न्यायला लागले की माझा आख्खा खांदा कानाकडे सरकायचा आणि हात वर गेल्यासारखा वाटायचा. मी खूश. सर मागून म्हणायचे, "चोरी! सांधा बसलाय झोपून आणि फरा काम करतोय. कायदा असा आहे की सुरुवात सांध्याने करायची, फऱ्याने मागून यायचं. तुमच्याकडे मालकाच्या आधी नोकर पळतोय." मग त्यांनी युक्ती काढली. डाव्या हाताचं एक बोट माझ्या कोपराखाली ठेवायचे, हात थोडासा, अगदी थोडासा उचलून द्यायचे आणि बोट काढून घ्यायचे. "सुरुवात मी करून देतो. पुढे तुम्ही." आश्चर्य म्हणजे ती पहिली उचल मिळाली की हात पुढे आपला आपण जायचा. निदान काही अंतर.

सगळ्याला डावा हातच. उजवा खिशात. मला तो त्यांचा तोरा वाटायचा, जुने प्रोफेसर असतात तसा.

रविवारी सकाळी खालच्या व्हरांड्यात त्यांच्याकडे फिजिओथेरपी शिकणारी मुलं यायची, जास्त करून मुलीच. व्हरांडा माझ्या खिडकीला लागून, त्यामुळे तास मला घरबसल्या ऐकू यायचा. भिंतीवर खराखुरा काळा फळा होता, कॉलेजने टाकून दिलेला, सरांनी टेम्पो करून आणलेला. त्यावर ते रंगीत खडूंनी शरीर काढायचे. हाडं पांढरी, स्नायू लाल, नसा पिवळ्या. काकू सांगायच्या की एके काळी हे दोन्ही हातांनी एकदम काढायचे. दोन खडू, दोन हात, मधून सुरुवात, आणि डावीकडे-उजवीकडे एकाच वेळी दोन खांदे उघडत जायचे. मुलं टाळ्या वाजवायची. "आता मूड राहिला नाही," काकू म्हणायच्या आणि विषय बदलायच्या.

आता फळ्यावर फक्त डावी बाजू असायची, पाठीमागून पाहिल्यासारखी. डावा खांदा, डावा दंड, छातीच्या अर्ध्या बरगड्या, आणि मधोमध एक उभी रेघ. तिच्या पलीकडे काळा फळा. "दुसरी तरफ भी यही है, मन में बना लो," ते मुलींना सांगायचे. मुली मनात काढायच्या की नाही कोण जाणे. तास संपला की तो अर्धा माणूस दिवसभर माझ्या खिडकीबाहेर उभा असायचा. मला वाटायचं, शिकवायची ही त्यांची काहीतरी पद्धत असेल. पोरांना डोकं वापरायला लावत असतील.

सत्र सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले आणि माझी भिंतीवरची रेघ कपाळापाशी येऊन थांबली. एक सूतही वर जाईना. रोज तीच रेघ. मी दात-ओठ खाऊन रेटत होते आणि खांदा मला दाद देत नव्हता. शेवटी मीच सरांना म्हटलं, "एकदा वर्गात येऊन बघा. मी लिहिताना नक्की कुठे अडतेय ते तुम्हाला दिसेल." ते लगेच तयार झाले. काकूंनी इस्त्रीचा झब्बा काढून दिला, जणू हे परीक्षक म्हणून निघालेत.

दुपारची वेळ होती, वर्ग रिकामा होता. सर सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसले. मी खडू घेतला आणि नेहमीसारखी लिहायला लागले. फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ, हात नाकासमोर सरळ वर. कपाळापर्यंत गेला आणि अडला. मी टाचा उचलल्या. खांदा कानाला लागला.

मागून आवाज आला, "मॅडम, फळ्याला काय मिठी मारून राहिलात?"

"म्हणजे?"

"अशाच उभ्या राहता? कायमच?"

"मग कसं राहायचं? फळा समोर आहे तर समोरच उभं राहणार ना!"

ते बाकांमधून ताडताड चालत पुढे आले. "तिरक्या व्हा. डावा खांदा मागे घ्या, वर्गाकडे. अजून. हं. फरा पाठीवर सपाट नसतो हो, बरगड्यांच्या गोलाईवर बसलेला असतो, थोडा पुढे तोंड करून. त्याची बशी ना नाकासमोर बघते, ना कानाच्या बाजूला. मधे बघते. हाताचा रस्ता तिथून आहे. त्या रस्त्यावर पिशवीला पीळ पडत नाही. तुम्ही सरळ नाकासमोर ढकलताय आणि पिशवी म्हणतेय, मी नाही येत." त्यांनी माझ्या कोपराखाली बोट ठेवलं. "कोपर बाहेर. आता वर."

हात वर गेला. कपाळाच्या वर, डोक्याच्या वर, फळ्याच्या वरच्या कडेच्या चार बोटं खाली जाऊन थांबला. दुखलं, पण ती ओढ होती, कळ नव्हती. मी तिथे खडूने एक टिंब काढलं, मग हात खाली आणला, परत नेला आणि टिंबाशेजारी दुसरं काढलं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत.

आणि तशी तिरकी उभी असतानाच मला आख्खा वर्ग दिसला. पहिला बाक, मागचा बाक, खिडकीपाशी बसणाऱ्या टवाळ पोरांची जागा. इतकी वर्षं मी फळ्याशी बोलत होते आणि मुलं माझ्या पाठीशी. "हे तर मला कोणी शिकवलंच नाही," मी म्हटलं.

"आम्हाला आमच्या सरांनी शिकवलं होतं. खडू हातात द्यायच्या आधी उभं राहायला शिकवायचे."

"तुम्ही करून दाखवा ना एकदा. वरपर्यंत. मला नीट बघू दे."

त्यांनी डाव्या हाताने खडू घेतला आणि उजवा खांदा मागे घेऊन एका झटक्यात फळ्याच्या वरच्या कडेपासून रेघ ओढली. सुंदर, सरळ.

"पण मी उजव्या हाताने लिहिते," मी म्हटलं. "उजव्याने दाखवा."

सरांनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा हात खिशातून काढला, पिशवीतून सामान काढावं तसा. मनगटाला धरून वर उचलला, खांद्याच्या रेषेपर्यंत आणला आणि सोडून दिला. हात खाली पडला. आवाज न करता, नुसता मांडीपाशी येऊन लोंबला.

रस्त्यातल्या प्रत्येकाचा खांदा पाठीमागून वाचणाऱ्या या माणसाने स्वतःचा खांदा सगळ्यांपासून खिशात लपवून ठेवला होता.

"वरचा स्नायू," ते म्हणाले, अगदी वर्गात शिकवताना बोलायचे त्याच आवाजात. "चारांतला सगळ्यात वरचा. छोटा असतो. फऱ्याच्या टोकाचं छप्पर आणि दंडाचं डोकं, त्यांच्या मधल्या फटीतून त्याची दोरी जाते. हात वर केला की घासते. मी जन्मभर हात वर केला. घासून घासून तुटली, आणि जाताना शेजारच्यालाही घेऊन गेली. हात उचलणारा मोठा स्नायू अजून तगडा आहे, बाहेरून बघाल तर वाटेल काय झालंय याला! पण सुरुवात करून देणारा गेला, लिंबू धरून ठेवणारा गेला, तर तो मोठा एकटा काय करणार? नवीन लोक यावर वाद घालतात. घालू देत. माझ्या खांद्यात तर असंच झालंय."

"ऑपरेशन?"

"माझं हृदय नको म्हणतं. तीन डॉक्टरांना विचारलं. चौथ्याला विचारायची हिंमत नाही झाली." मग त्यांनी तो हात उचलून परत खिशात ठेवला. "चला. तुमचं अजून चार बोटं बाकी आहे. रडत काय बसलात?"

ती चार बोटं मी मिळवली. कशी, ते फक्त माझ्या हॉलच्या भिंतीला माहीत आहे. सकाळी तिरकी, संध्याकाळी तिरकी, कोपर बाहेर, चोरी नाही. सर बाजूला खुर्चीत बसून बजावत राहायचे आणि मी चिडून बजावू नका म्हणायचे. काकू वरून विचारायच्या, "भांडण आहे की व्यायाम?"

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी वर्ग खचाखच भरला होता. डायरेक्टर दारात उभे होते, चेहऱ्यावर ती काळजीवाहू गोडी. मी फळ्याशी तिरकी झाले, कोपर बाहेर घेतलं, आणि अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यातून शीर्षक लिहिलं. त्याच्याखाली जाड रेघ मारली. दुखलं. पण मुलांकडे बघायला मला वळावंच लागलं नाही, ती आधीच समोर दिसत होती. डायरेक्टर निघून गेले ते मला तास संपल्यावरच कळलं.

संध्याकाळी पेढे घेऊन वर गेले. सरांनी एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "रविवारी सकाळी व्हरांड्यात या. आंघोळ करून, खांदा गरम करून."

"कशाला?"

"मला उजवा हात हवाय."

मी पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवून खाली बसले.

"तुम्हाला काय वाटलं, भाडेकरूंवर माझं प्रेम उतू चाललंय? त्या दिवशी तुम्ही फळ्याचं नाव घेतलंत, तेव्हाच मी ठरवलं. ही बाई खडूवाली आहे आणि जिद्दी आहे. हिचा उजवा खांदा आपण सोडायचा नाही. अर्धा माणूस शिकवून शिकवून मला कंटाळा आला हो." हे शेवटचं वाक्य ते पेढ्याच्या खोक्याकडे बघत बोलले.

काकू आत निघून गेल्या. त्यांच्या पदराचं टोक डोळ्यांना लागलेलं मी पाहिलं.

रविवारी आम्ही दोघं फळ्यासमोर उभे राहिलो. मधल्या रेघेच्या डावीकडे ते, उजवीकडे मी. मला अ‍ॅनाटॉमीचं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी गणिताची आहे, आणि एका बाजूची आकृती दुसऱ्या बाजूला उलटून काढणं मला येतं. ते डाव्या हाताने गळ्याखालचं आडवं हाड काढायचे, मी उजव्या हाताने त्याच्या जोडीचं काढायचे. ते फरा, मी फरा. ते दंडाचं गोल डोकं, मी दंडाचं डोकं. मग लाल खडू. वरून खाली येणारा खांद्याचा मोठा स्नायू, आणि त्याच्या वर, फटीत, तो छोटा. तो काढताना त्यांचा खडू क्षणभर थांबला आणि मग पुढे गेला. शेवटी आम्ही दोघं मागे सरकलो. फळ्यावर आख्खा माणूस उभा होता, दोन्ही खांद्यांचा. मुलींनी टाळ्या वाजवल्या. सर मुलींकडे बघतच नव्हते, फळ्याकडे बघत होते.

माझी बाजू थोडी वाकडी आली होती. उजवा खांदा डाव्यापेक्षा वर चढला होता. मी डस्टर उचलला, तर त्यांनी हात आडवा घातला.

"वाकडी चालेल," ते म्हणाले. "अर्धी आता नको."

त्यानंतर कित्येक रविवार आम्ही असे काढले. माझी रेघ हळूहळू सुधारली, त्यांची हळूहळू थरथरायला लागली. ते मला ‘उजवा हात’ म्हणायचे. बाजारात मी समोरून आले तर ओळखायचे नाहीत, पुढे गेले की मागून हाक मारायचे. खांदा आता पूर्ण वर जातो, त्यामुळे आपली ओळखायची पंचाईत होते, अशी तक्रारही करायचे.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. दुपारी जेवून पडले आणि उठले नाहीत. काकूंनी त्यांचा उजवा हात शेवटी झब्ब्याच्या बाहेर, नीट छातीवर ठेवला. म्हणाल्या, "आता लपवायचं काय?"

पुढच्या रविवारी मुली येणार नाहीत असं मी धरून चालले होते. आल्या. व्हरांड्यात गुपचूप बसल्या, वह्या उघडून. काकू जिना उतरून खाली आल्या आणि खडूंचा डबा त्यांनी माझ्या खिडकीच्या कठड्यावर ठेवला. पायरीवर बसून राहिल्या.

मी बाहेर गेले. फळा पुसला. मधोमध उभी रेघ मारली, तिरकी झाले, कोपर बाहेर घेतलं आणि उजवी बाजू काढली. हाड, फरा, दंड, लाल स्नायू, पिवळी नस. शेवटपर्यंत काढली. मग रेघेपलीकडचा काळा फळा बघत उभी राहिले. दुसरी बाजू मनात काढा असं सांगता आलं असतं. पण ते मला सांगायचं नव्हतं.

मी पांढरा खडू पुढे धरला. "लेफ्ट साइड कौन बनाएगा?"

सगळ्या खाली बघायला लागल्या. मग मागची एक मुलगी उठली, घाबरत पुढे आली. "मैम, मेरा लेफ्ट हाथ बोर्ड पे नहीं चलता."

"टेढ़ी खड़ी हो जाओ. कोहनी बाहर."

ती उभी राहिली. हात वर जाईना, भीतीने. मी तिच्या कोपराखाली एक बोट ठेवलं, हात थोडासा, अगदी थोडासा उचलून दिला आणि बोट काढून घेतलं. पुढे तो तिचा तिने नेला.

रेघ चांगलीच वाकडी आली. तिने घाईघाईने डस्टर उचलला. "मैम, टेढ़ी हो गई."

पायरीवरून काकू म्हणाल्या, "टेढ़ी चलेगी, बेटा. आधी मत छोड़ना."